४४१७ नंबरची काच

द्वारका चौकात दोन ट्रक समोरासमोर अडकले होते. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभे राहून वाल्मीक गांगुर्डे कोणता ड्रायव्हर आधी मागे घेतो याचा अंदाज बांधत होते. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंट्रोलर म्हणून काढल्यावर माणसाला अशा गोष्टींत रस उरतोच.

"डावीकडचा घेईल," ते म्हणाले.

"उजवीकडचा," टेबलावरून मान वर न करता ज्योत्स्ना अहिरे म्हणाल्या. "डावीकडच्याच्या मागे टँकर लागलाय. त्याचा हॉर्न निराळा आहे, ऐका."

उजवीकडचा ट्रक मागे सरकू लागला. वाल्मीकराव खिडकीतून दूर झाले. चार वर्षांपासून ते या कार्यालयात बसत होते आणि अजून एकही पैज जिंकले नव्हते.

ज्योत्स्नाबाईंनी पोलिसांच्या छायाचित्र विभागात बारा वर्षं बोटांच्या ठशांचे फोटो धुतले होते. मग नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. बाईमाणूस हे काम काय करणार, असं विचारणारे आता कमी झाले होते. ते साल होतं १९९७, महिना जानेवारीचा, वार सोमवार.

जिन्यावरून आलेली मुलगी चोवीस-पंचवीसची असावी. छातीशी काळ्या बांधणीचा एक प्रबंध धरलेला.

"मी सायली पगार. मूळची कळवणची. गंगापूर रोडवरच्या विज्ञान संस्थेत एम.फिल. करते," ती एका दमात म्हणाली. "परवा अकरा वाजता माझी तोंडी परीक्षा आहे. आणि आज सकाळपासून मी खोटारडी आहे."

"बसा. खोटारडी कोणी ठरवलं?"

"एका काचेनं."

वाल्मीकरावांनी वही उघडली. सायलीने प्रबंधातलं एक पान पुढे केलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके, मोजून-मापून आखल्यासारखे.

"आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे," ती सांगू लागली. "एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली राख मी त्यात बघते. राखेचा कण, त्यातला एक स्फटिक, त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत पाठवला की पलीकडे असे ठिपके उमटतात. त्यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात. ठिपक्यांवरून आतली अणूंची मांडणी कळते. रांगोळीचे नुसते ठिपके बघून आई सांगते ना, यातून कमळ निघणार की कासव, तसं."

"आणि तुमच्या ठिपक्यांतून काय निघालं?"

"हे बघा." तिने पेन्सिलीने दाखवलं. मोठ्या ठिपक्यांच्या अधेमधे सहा अगदी फिके, बारीक ठिपके होते. "पुस्तकाप्रमाणे हे इथे नसायला हवेत. ते आहेत, म्हणजे अणूंची मांडणी एकाआड एक बदलते. माझा सगळा प्रबंध या सहा ठिपक्यांवर उभा आहे. असा स्फटिक मला एकदाच सापडला, ऑगस्टमध्ये. एक प्लेट घेतली आणि लाइट गेली. ती पुरेशी वाटली, म्हणून दुसरी घेतली नाही. ती प्लेट नंबर ४४१७."

"प्लेट म्हणजे काचेची?"

"हो. यंत्र जुनं, परदेशातल्या कुठल्या विद्यापीठानं मोडीत काढताना दिलेलं. अजून काचच लागते. आज सकाळी परीक्षकांसाठी मूळ प्लेटा काढल्या. पाकिटातून ४४१७ निघाली. मोठे ठिपके सगळे जागच्या जागी. हे सहा नाहीत."

"नंबर कोण लिहितं?"

"कोणी नाही. प्लेट घेताना यंत्रच कोपऱ्यात आकडा उमटवतं. म्हणून तर सगळे म्हणतात, काच खरी आणि प्रिंट खोटा. प्रिंट मी स्वतः काढला होता. डार्करूमच्या रोशनीताई तेव्हा रजेवर होत्या. अंधारात सहा ठिपके मीच रंगवले, असा अर्थ निघतो." तिने प्रबंध मिटला. "परवापर्यंत उलगडा झाला नाही, तर माझे मार्गदर्शक सर प्रबंध मागे घेणार आहेत. पदवी गेली, की कळवणच्या कॉलेजातली जागाही गेली. आणि नाव जाईल ते वेगळंच."

"यंत्रावर पुन्हा बघता येणार नाही?"

"सरांनी परीक्षक येईपर्यंत कुलूप लावलंय."

ज्योत्स्नाबाईंनी प्रबंध स्वतःकडे ओढून घेतला. "हा आज माझ्याकडे राहू दे. तुम्ही घरी जाऊन जेवा. परीक्षेच्या धास्तीनं कितीक दिवस धड जेवला नाहीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"घड्याळाचा पट्टा एक भोक आत गेलाय. आधीच्या भोकाची खूण अजून ताजी आहे."

*

मंगळवारी सकाळी वाल्मीकरावांच्या स्कूटरवरून दोघं संस्थेत पोहोचले. विभागप्रमुख आणि सायलीचे मार्गदर्शक डॉ. मनोज बच्छाव दारातच उभे होते. उंच, नीटनेटके, आणि रात्रभर न झोपल्यासारखे.

"बाहेरच्यांना आत घेणं मला पसंत नाही," ते म्हणाले. "पण मुलगी रडायला लागली."

"आम्ही काही मोडणार नाही," वाल्मीकराव म्हणाले आणि दारातल्या बादलीला अडखळले.

यंत्र खोलीच्या मधोमध उभं होतं, माणसाहून उंच, जाडजूड नळकांड्यासारखं. बाजूच्या टेबलावर आतून दिवा लागणारी पांढरी पेटी होती. सरांनी तिच्यावर ४४१७ ठेवली आणि शेजारी प्रबंधातला प्रिंट.

"काचेवर सगळं उलटं दिसतं, ठिपके काळे. बाकी मोजून बघा. एकूण एक जुळतं. फक्त ते सहा नाहीत."

"हे मधोमध पेन्सिल ठेवल्यासारखं काय आहे?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"सुई. मधला झोत इतका प्रखर असतो की प्लेट जाळून टाकील. म्हणून त्याच्या आड बारीक सुई आणतात. तिची सावली पडते. तिच्याकडे कोणी बघत नाही."

ज्योत्स्नाबाई भिंगातून बघत होत्या. आधी काच, मग प्रिंट, मग पुन्हा काच. भिंग हातात आल्यावर वाल्मीकरावांनीही बघून घेतलं. काचेवरची सुई टोकाशी जराशी कलल्यासारखी वाटली. पण चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणून ते काही बोलले नाहीत. काच मात्र सुरेख होती. नव्या आरशासारखी, कुठे डाग नाही की ओरखडा नाही.

"सर, सायलीचे ठिपके खरे असते, तर तुमचं काही बिघडलं असतं?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. नऊ वर्षांपूर्वी मी एक शोधनिबंध लिहिला. या स्फटिकात अशी मांडणी नसते, असं त्यात छातीठोकपणे म्हटलंय. सायलीचं खरं असेल तर माझं चूक. तरी मी तिच्या प्रबंधावर सही केली."

"रविवारी कुठे होता?"

"घरी. एकटा. कुटुंब धुळ्याला गेलंय." ते कोरडं हसले. "चावीही माझ्याकडे असते. लिहून घ्या."

वाल्मीकरावांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

ज्योत्स्नाबाईंनी रिकामं पाकीट उचललं. त्यावर सायलीच्या अक्षरात चार गोष्टी होत्या: ४४१७, जाळीचं घर डी-७, चार सेकंद, १९ ऑगस्ट.

"जाळीचं घर म्हणजे?"

"राख तांब्याच्या जाळीवर घेतात. तीन मिलिमीटरची चकती, तिला शेकडो घरं. घरांना अक्षर आणि आकडा असतो. त्यावरून कण पुन्हा सापडतो."

"म्हणजे एवढं हाताशी असलं की तोच फोटो पुन्हा घेता येईल?"

"जवळजवळ. स्फटिक किती अंशांत कलवला होता, तेही लागतं. एखादा अंश इकडेतिकडे झाला तर मोठे ठिपके राहतात, फिके विझतात. तो आकडा विद्यार्थी आपल्या वहीत लिहितात."

*

रविराज निकम सायलीबरोबरच एम.फिल. करत होता. गडद चष्मा केसांत खोचून तो व्हरांड्यात बसला होता.

"मी फरक दाखवला, म्हणून मीच चोर?" तो म्हणाला. "सरांनी प्लेटा काढायला सांगितल्या, मी काढल्या. डोळे मिटून काढायला हव्या होत्या का?"

"कळवणच्या जागेसाठी तुम्हीही अर्ज केलाय."

"केलाय. अन् ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हेही लिहा. पण हुशार माणसं चुकत नाहीत, असं कुठं आहे?" त्याने खांदे उडवले. "या भंगारावर काम करायचं म्हणजे देवाची करणी. व्हॅक्यूम टिकत नाही, दसऱ्याला साफसफाई केली तर सुई वाकवून ठेवली, लाइट गेली की आकडा उडतो. यातून कोणी नवा शोध लावला म्हटलं, की मला आधी हसू येतं."

"रविवारी?"

"सटाण्याला. चुलतभावाचं लग्न. सकाळी हळद, संध्याकाळी लग्न, मग पंगतीत वाढपी. पाचशे पानं उठवली. विचारा कोणालाही."

"विचारायची गरज नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुमच्या नखांत हळद आहे."

*

पुंजा भोये सुरगाण्याकडचा, पंचावन्न वर्षांचा. संस्थेत परिचर म्हणून आला आणि आता यंत्राची नाडी त्याच्याइतकी कोणालाच कळत नव्हती. तो एका मोठ्या धातूच्या भांड्याजवळ उकिडवा बसला होता. भांड्याच्या तोंडातून पांढरी वाफ येत होती.

"हे काय, पुंजाभाऊ?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"नायट्रोजन. लय गार. बोट घालू नगा, लाकडावानी मोडंल," पुंजा म्हणाला. "जनावरांच्या रेतन केंद्राची गाडी येती, तिच्यातून आणतो. बैलाचं अन् आमचं एकाच भांड्यावर चालतं." तो स्वतःच हसला. "यंत्रात ह्ये वतल्याबिगर फोटू स्वच्छ येत नाय. धुरकाट येतं."

"भांड्यात किती आहे, ते कसं कळतं?"

पुंजाने कोपऱ्यातली लाकडी कांडी दाखवली. "ही बुडवायची. जेवढी पांढरी झाली तेवढा माल. शनवारी आठ बोटं व्हता. दोन दिसांत बोटभर आपोआप उडतो. सोमवारी बघितला तं चार बोटं. सरांना बोललो मी. त्ये म्हणले, झाकण सैल ऱ्हायलं आसंल."

"राहिलं होतं?"

"माज्या हातून झाकण सैल ऱ्हात नाय," पुंजा शांतपणे म्हणाला.

"यंत्राचा आकडा उडतो म्हणे."

"उडतो की. मग मागची झडप उघडायची अन् चकत्या फिरवून आकडा जागेव आणायचा. त्यात काय. समद्यांनी बघितलंय मला करताना."

"आणि खोलीची चावी?"

"एक सरांकडं, एक माज्या करगोट्याला. शनवारी सांजच्याला मी घरी गेलो, चावी माज्यासंगं सुरगाण्याला. सोमवारी आलो."

वाल्मीकरावांनी सरांच्या नावाखाली दुसरी रेघ मारली.

*

डार्करूम यंत्राच्या खोलीला लागूनच होती. आत लाल दिवा, पाण्याची संथ धार आणि फोटो पक्के करणाऱ्या हायपोचा आंबूस वास. ज्योत्स्नाबाईंनी दारातच खोल श्वास घेतला. माहेरी आल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

रोशनी खैरनार पस्तिशीची, हात रसायनांनी तांबूस झालेले. नऊ वर्षं ती इथे प्रिंट काढत होती.

"मला कोणी काही सांगत नाही," ती म्हणाली. "सायलीच्या काचेत काहीतरी गडबड झाली एवढंच कानावर आलं. पोरगी दोन दिवस रडतेय."

"इथलं काम कसं चालतं?"

"प्लेट ज्याची त्यानं धुवायची, सरांचा नियम. मी प्रिंट काढते, स्लाइड बनवते, कपाट सांभाळते."

ज्योत्स्नाबाईंनी कपाटाचे दोन-तीन खण ओढून प्लेटा उजेडात धरल्या. सायलीच्या, रविराजच्या, बच्छाव सरांच्या जुन्या. सगळ्यांच्या कडेला पांढुरके ओघळ वाळलेले, कोपऱ्यात कोणाच्या ना कोणाच्या बोटाची चंद्रकोर.

"पोरं घाईत असतात," रोशनी म्हणाली. "सर तरी काय वेगळे. नळाच्या पाण्यात खळबळायची आणि तशीच उभी करायची. आपल्या पाण्यात क्षार किती. शंभरदा सांगितलं, शेवटचं पाणी डिस्टिल्डचं घ्या."

"आणि शाम्पूचा एक थेंब," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

रोशनी पहिल्यांदाच हसली. "तुम्ही आमच्यातल्याच निघालात की."

मागे काहीतरी धडपडलं. वाल्मीकराव काळ्या पडद्यात गुरफटले होते. पडद्याआड एक अरुंद दार होतं, त्याला या बाजूने कडी.

"हे कुठे जातं?"

"यंत्राकडे. प्लेटांचा डबा उजेड न लागता नेता यावा म्हणून."

ज्योत्स्नाबाईंनी प्रबंधातला तो प्रिंट रोशनीसमोर धरला. "कारागीर म्हणून सांगा. छपाई कशी आहे?"

रोशनीने पान दिव्याखाली नेलं. "बरी आहे. काळं चांगलं उतरलंय. पण मी रजेवर होते तेव्हा काढलेला दिसतो. धूळ राहिलीय, ही बघा, सहा ठिकाणी. मी असते तर ब्रशनं काढली असती."

"तुम्ही सगळ्यांच्या प्रिंटवरची काढता?"

"नऊ वर्षं तेच तर करते."

"कधी यंत्रावर बसलात?"

रोशनीने नळ बंद केला. "मी? बारावी नापास बाईला कोण बसवतं? एकदा सरांना विचारलं होतं, शिकवता का म्हणून."

"मग?"

"मग काही नाही."

*

परतताना अशोक स्तंभाजवळ दोघं चहाला थांबले.

"सरांशिवाय दुसरं कोण?" वाल्मीकराव म्हणाले. "चावी त्यांच्याकडे. निबंध त्यांचा खोटा पडतो. नायट्रोजन गेला तरी त्यांनी दुर्लक्ष केलं. एसटीत असते तर मी त्यांना तिथंच उतरवलं असतं."

"मला एक सांगा, वाल्मीकराव. तुम्हाला सायलीचं नुकसान करायचं असतं, तर त्या काचेचं काय केलं असतं?"

"फोडली असती. नाहीतर पळवली असती."

"बास. एवढंच विचारायचं होतं." ज्योत्स्नाबाईंनी कप खाली ठेवला. "उद्या नऊ वाजता सगळ्यांना बोलवा. परीक्षक यायच्या आधी."

*

बुधवारी नऊला यंत्राच्या खोलीत सगळे जमले. बच्छाव सर यंत्राला टेकून उभे होते. रविराज खिडकीत, पुंजा दाराशी, सायली एकुलत्या एका खुर्चीवर. रोशनी डार्करूमच्या उघड्या दारात, काळ्या पडद्याजवळ हात पुसत उभी होती. ते केव्हाच कोरडे झाले होते.

"मला तुमचं शास्त्र येत नाही," ज्योत्स्नाबाईंनी सुरुवात केली. "पण फोटो कधी काढला, हे फोटोला विचारायची सवय आहे. सर, काच आणि प्रिंट दिव्यावर ठेवा. ठिपके बघू नका. सुई बघा."

बच्छाव सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"प्रिंटमधली सरळ आहे," ते हळूच म्हणाले. "काचेवरची वाकलेली."

"वाल्मीकरावांनी कालच पाहिलं होतं. चष्म्याला दोष देऊन गप्प बसले." वाल्मीकराव उगाच छताकडे बघू लागले. "सुई वाकली दसऱ्याला, रविराजनं सांगितलं. सायलीची प्लेट १९ ऑगस्टची. तेव्हा सुई सरळ होती, आणि तिच्या प्रिंटमध्ये ती सरळच आहे. म्हणजे प्रिंट खऱ्या प्लेटवरून काढलाय. पाकिटातली काच दसऱ्यानंतरची आहे. तिच्यावर ४४१७ कसं आलं, ते पुंजाभाऊंनी सांगितलं. चकत्या फिरवून."

सायलीने डोळे मिटले.

"दोन दिवस आम्ही बघतोय आणि सुई दिसली नाही," रविराज पुटपुटला.

"तुम्ही ठिपक्यांची माणसं. आता दुसरं. ही काच नेमकी कधी बनली? शनिवार ते सोमवार नायट्रोजन तीन बोटं जास्त गेला. पुंजाभाऊंच्या हातून झाकण सैल राहत नाही. म्हणजे रविवारी यंत्र चाललं. रविराज हळद वाटत होते. पुंजाभाऊ चावीसकट सुरगाण्याला होते."

सगळ्यांच्या नजरा बच्छाव सरांकडे गेल्या. त्यांनी त्या चुकवल्या नाहीत.

"मलाही आधी तसंच वाटलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "पण वाईट करायला आलेला माणूस काच पळवतो. हा माणूस दिवसभर खपला. तीच जाळी शोधली, तेच घर, तोच कण. चार सेकंदच दिले. आकडाही तोच लावला. एवढी मेहनत कोण घेतं? ज्याला हुबेहूब तशीच काच परत ठेवायची आहे, तो. खरी काच त्याच्या हातून फुटली असणार."

त्यांनी दिव्यावरच्या काचेवर बोट ठेवलं.

"मग सहा ठिपके का राहिले? फोटो घेताना या माणसाकडे फक्त पाकिटावरचं होतं. घर, सेकंद, नंबर, तारीख. स्फटिक किती कलवायचा ते सायलीच्या वहीत होतं, आणि वही त्यानं पाहिली नव्हती. सर असते तर ते फिके ठिपके दिसेपर्यंत अंश-अंश फिरवत बसले असते. तुमच्यापैकी कोणीही आधी तेच शोधलं असतं. या माणसाला ते शोधायचे आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी ती धूळ होती. नऊ वर्षं तो प्रिंटवरची धूळ ब्रशने काढत आलाय."

सायलीने मान वळवली. "रोशनीताई?"

"आणखी एक," ज्योत्स्नाबाईंचा आवाज मऊ झाला. "या कपाटातल्या प्रत्येक प्लेटवर नळाच्या पाण्याचे डाग आहेत. सरांच्यासुद्धा. फक्त एक काच आरशासारखी आहे. चावीची तर गरजच नव्हती. त्या दाराची कडी डार्करूमकडून आहे. खोटं करतानाही तुम्हाला वाईट काम करता आलं नाही, रोशनीबाई."

रोशनीने पडदा घट्ट धरला होता. मग सोडला.

"शुक्रवारी फुटली," ती म्हणाली. "परीक्षेसाठी स्लाइड करत होते, ट्रेच्या काठावर आपटली. दिवाळीआधी एक फुटली होती तेव्हा सर म्हणाले होते, जिला काच धरता येत नाही ती यंत्र काय धरणार. मला वाटलं, पुन्हा घेऊन ठेवली की कोणाला कळणार नाही. सायलीचं काम अडणार नाही, माझीही लाज राहील." ती सायलीकडे वळली. "तुझं नुकसान होईल असं वाटलं असतं, तर पोरी, मी तेव्हाच पाय धरले असते. भांडण कशावरून चाललंय ते मला कोणी सांगितलंच नाही."

"तुम्ही एकटीनं यंत्र चालवलंत?" बच्छाव सरांनी विचारलं. "नायट्रोजन, व्हॅक्यूम, फोकस, सगळं?"

"दार उघडं असतं की सर. नऊ वर्षं ऐकतेय, तुम्ही पोरांना काय ओरडता ते."

पुंजा खाली मान घालून हसला.

"आणि डी-७ मधला तो कण किती वेळात सापडला?"

"तासाभरात."

"मला तीन दिवस लागले होते," सायली म्हणाली. ती रागावली होती, हे वाल्मीकरावांना दिसत होतं. पण राग कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं.

"तुकडे?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

रोशनी आत गेली आणि टिपकागदात गुंडाळलेले चार तुकडे घेऊन आली. सरांनी ते दिव्यावर जुळवले. ४४१७ एका तुकड्यावर होतं. फिक्या ठिपक्यांपैकी दोन दुसऱ्यावर. उरलेले चार जिथे असायला हवे होते, तिथली काच चुरा झाली होती.

"सायली खोटी नव्हती, हे एवढ्यानं सिद्ध होतं," बच्छाव सर म्हणाले. "पण परीक्षक बाई कडक आहेत. दोन ठिपक्यांवर त्या प्रबंध मान्य करणार नाहीत. मीही केला नसता."

त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजायला वीस मिनिटं होती. मग खिशातून चावी काढून त्यांनी यंत्राचं कुलूप उघडलं.

"पुंजा, नायट्रोजन ओत. रोशनीबाई, बसा."

रोशनी पडद्याकडे एक पाऊल मागे सरकली.

"तो कण आत्ता कुठे आहे, हे या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे. रविवारी मी शिकवलं नव्हतं. आज शेजारी उभा राहतो."

*

अकराला पाच मिनिटं कमी असताना पुण्याच्या परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, सुती साडी, हातात प्रबंध, त्यात पन्नासेक चिठ्ठ्या खोचलेल्या. बच्छाव सरांनी त्यांना व्हरांड्यातच सगळं सांगितलं, स्वतःच्या वाट्याचं काही न गाळता. बाईंनी ऐकून घेतलं. "काचा फुटतातच," त्या म्हणाल्या. "स्फटिक दाखवा."

खोलीत अंधार केला होता. यंत्राच्या काचेआडून हिरवा उजेड येत होता. वाल्मीकरावांना जागा मिळाली ती भिंतीशी. पण हिरवा पडदा तिथूनही दिसत होता. रोशनीच्या हातांखाली दोन गोल दांडे हळूहळू फिरत होते. जाळीची घरं एकामागून एक सरकत गेली.

"डी-सात," ती म्हणाली. "हा तुझा कण."

तिने बटण फिरवलं. कण नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ठिपके उमटले. तेजस्वी, रांगेत, मोजून-मापून. मोठेच फक्त. तिने खुर्ची सोडली. सायली बसली.

"वही बघायची आहे का?" सरांनी विचारलं.

"पाठ आहे, सर."

तिने कलवायचा दांडा धरला. ठिपके जरासे लवले, काही मंदावले. सायली थांबली, पुन्हा किंचित फिरवलं. पंप तेवढा घरघरत होता. मग मोठ्या ठिपक्यांच्या अधेमधे, पहाटेच्या चांदण्यांइतके फिके, एक उमटला. दोन. चार. सहा.

"आता मला दिसतंय, ती धूळ नाही," रोशनी हळूच म्हणाली.

परीक्षक बाई पुढे वाकल्या, भिंग लावलं, बराच वेळ बघत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि सायलीच्या अगदी समोर बसल्या.

"ठीक. ठिपके आहेत," त्या म्हणाल्या. "पण एकदा वळलेला झोत त्याच स्फटिकात दुसऱ्यांदा वळला, तरी असे ठिपके दिसू शकतात. तुझे तसले नाहीत कशावरून?"

वाल्मीकरावांना प्रश्न कळला नाही. त्यांनी घाबरून सायलीकडे पाहिलं.

सायलीने ओढणी मागे टाकली आणि खुर्ची परीक्षकांकडे वळवली.

"त्याची तीन कारणं आहेत, मॅडम," ती म्हणाली. "कुठल्या कारणापासून सुरुवात करू?"